एका प्लॉटवर एक चूल

हिंगोली जिल्हा झाला आणि आपल्या घरामागे रिकामी जागा आहे, असा गावातल्या प्रत्येकाला शोध लागला. त्याआधी तिथे म्हैस बांधलेली असायची, नाहीतर तुराट्या रचलेल्या असायच्या. आता कलेक्टर ऑफिस येणार, बदलून येणारे कारकून येणार, शिकायला पोरं येणार, म्हणून लोकांनी म्हशी विकून खोल्या काढल्या. विटांच्या तीन भिंती, चौथी शेजारच्याची, वर टिन आणि दाराला कडी. मग ओट्यावर खाट टाकून भाडेकरूची वाट बघत बसायचं. भाडेकरू आला की किती जण राहणार, हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "तुमी कोण?"

हा प्रश्न मी इतक्या ओट्यांवर ऐकला की पुढे पुढे विचारणाऱ्याचं तोंड उघडण्याआधीच मला तो ऐकू यायचा. बारावी करून मला हिंगोलीत डी.एड.ला नंबर लागला होता. आमचं गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्याही आत. जीपपर्यंत चालत यायचं, आणि ओढ्याला पाणी आलं की तेही नाही. रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. आमच्या वस्तीतल्या नातलगांच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती. बाबांनी घरातून निघतानाच मला सांगितलं होतं, "चांगल्या घरात खोली भेटली तर राहा. न्हाई भेटली तर वापस चल. मामानं स्थळ आणून ठेवलंय, ते काही तुह्यासाठी थांबून राहणार न्हाई." म्हणजे खोली मिळाली तर शाळा, नाहीतर लग्न. मला ते स्थळ नको होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला शिकवायचं होतं.

'तुमी कोण?' म्हटलं की बाबा सरळ सांगायचे, आमी बौद्ध. आडवळण त्यांना माहीत नव्हतं. मग घरमालकाला एकदम आठवायचं की ती खोली भाच्याला कबूल केली आहे. एकाने सांगितलं, अजून प्लास्टर ओलं आहे. मी भिंतीकडे बघितलं. कोपऱ्यात कोळ्यांनी जाळी धरली होती. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, एवढीही मेहनत हे लोक आमच्यासाठी घेत नव्हते.

शेवटी एका वसाहतीत खोली मिळाली. वसाहतीला एका देवाचं नाव होतं, देवाला यात कशाला ओढू? शिक्षक, बँकेतले, तहसीलमधले अशा लोकांनी प्लॉट पाडून वसवलेली. तोंडाशीच निळा बोर्ड होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत नियम. फेरीवाल्यांनी आत येऊ नये. जनावरे बांधू नयेत. एका प्लॉटवर एकच कुटुंब राहील. धंद्यासाठी घराचा वापर करू नये. खाली 'आदेशावरून' असं लिहिलेलं, कोणाच्या ते नाही. बोर्डाच्या मागच्याच घरात किराणा दुकान होतं. त्याच्या पुढच्या घरात एसटीडी बूथ. बँकेतल्या साहेबांच्या अंगणात दोन म्हशी रवंथ करत बसलेल्या, त्यांना बहुधा वाचता येत नव्हतं. वसाहतीचे अध्यक्ष म्हणजे एक रिटायर्ड मास्तर. त्यांच्या माडीवर सकाळ-संध्याकाळ गणिताची शिकवणी चालायची आणि खाली सायकलींनी रस्ता अडायचा. खेळायला म्हणून सोडलेल्या मोकळ्या जागेवर त्यांनीच मंदिर बांधायला काढलं होतं. बोर्डही त्यांनीच रंगवून घेतला होता. सगळे त्यांना सर म्हणायचे.

आमची घरमालकीण त्याच वसाहतीतली एक विधवा, एका हेडमास्तरांची बायको. मुलगा पुण्याला. वसाहतीत ज्या जातीचे लोक जास्त होते त्याच जातीची ती होती, एवढं सांगितलं की हिंगोलीकराला कळतं. आम्ही तिला काकू म्हणायचो. तिनेही 'तुमी कोण' विचारलंच. बाबांनी सांगितल्यावर नाक मुरडलं, आत गेली, परत आली आणि म्हणाली, "मागची शेवटची खोली हाय, संडासाजवळची. तिथं एक तांड्यावरची पोरगी हायच. तिच्यासंगं राहायचं असंल तर राहा. सैपाक आपापल्या स्टोव्हवर. माह्या सैपाकघराचा उंबरा वलांडायचा न्हाई. पाणी मी वरून घालीन." बाबा मान हलवून हो म्हणाले. मला राग आला आणि आनंदही झाला, आणि दोन्ही एकदम झाल्याचाही राग आला.

मागे तीन खोल्या होत्या आणि आम्ही सहा पोरी. पहिल्या दोन खोल्यांतल्या चौघी काकूच्या नात्यागोत्यातल्या. त्यांना काकूचा नळ, काकूचं दही, काकूचा टीव्ही. आम्हा दोघींना संडासाचा वास. तांड्यावरची पोरगी माझ्याच वर्गात होती आणि कुठल्याही गोष्टीला हसायची. संध्याकाळी सहाही स्टोव्ह पेटले की अंगणभर राकेलचा धूर आणि सहा वेगळ्या फोडण्या. वसाहतीला त्याचा कधी त्रास झाला नाही.

त्रास झाला तो माझ्या मैत्रिणीची आई भेटायला आली त्या दिवशी. आरशांचा घागरा, हातभर बांगड्या, अशी ती तिच्या दोन नणंदांबरोबर आली. पोरगी कॉलेजात होती, म्हणून त्या तिघी काकूच्या पुढच्या ओट्यावर बसल्या. बसल्या म्हणजे बसल्याच. भाकरी सोडून खाल्ल्या, जोरजोरात बोलल्या. संध्याकाळी माझे बाबा आणि चुलते आले, तेही तिथेच बसले. समोरच्या घरातल्या खिडक्यांचे पडदे हलत होते. दुसऱ्या दिवशी वसाहतीला आपला बोर्ड आठवला.

मंदिराच्या अर्धवट ओट्यावर बैठक झाली. बैठकीत आमची जात कोणी काढली नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवते. असे लोक जात कधीच काढत नाहीत, ते नियम काढतात. एका प्लॉटवर एक कुटुंब, आणि काकूच्या प्लॉटवर सहा परक्या मुली, म्हणजे हे हॉस्टेल झालं. हॉस्टेल म्हणजे धंदा, आणि धंदा चालणार नाही. किराणा दुकानवाल्याने मान डोलावली. म्हशीवाल्या साहेबांनी अनुमोदन दिलं. नगरपालिकेत तक्रार गेली.

नगरपालिकेचा ओव्हरसियर आला. तोंडात गुटखा, हातात टेप, आणि टेप उघडायचा कंटाळा. त्याच्याबरोबर सर. त्याने खोल्या बघितल्या, स्टोव्ह बघितले, पिचकारी टाकली आणि कायदा सांगितला.

"हे बघा काकू, प्लॉट रहिवासी हाय. रहिवासी म्हंजे कुटुंब. अन् कुटुंब म्हंजे एक चूल. रेशनकार्डाला बी आमी असंच धरतो. सख्खे भाऊ असले तरी चुली दोन तर कुटुंबं दोन. तुमच्या इथं सात चुली दिसून राहिल्या."

"मंग काय करू मी?" काकू म्हणाली.

"चूल एक करा, न्हाई तर खोल्या खाली करा. मी पुढच्या बुधवारी येतो."

सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्यांनी ओळखलं होतं की काकू पोरींना काढील, पण चूल एक करणार नाही. आपल्या लोकांना ते बरोबर ओळखत होते. कोण कोणाच्या हातचं खात नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

संध्याकाळी ते एकटेच परत आले. आम्ही खोलीत होतो, दार लोटलेलं होतं. मागच्या ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, ओव्हरसियरचं मी बघून घेतो," सर हळू आवाजात म्हणाले. "चौघींचं काही नाही, त्या घरच्याच आहेत. त्या शेवटच्या खोलीतल्या दोघींना तेवढं काढा. मग नियमाचं कोण विचारतंय?"

माझ्या मैत्रिणीने पहिल्यांदाच हसणं बंद केलं. मी ट्रंकेकडे बघितलं. मामाने आणलेलं स्थळ मला त्या ट्रंकेवर बसलेलं दिसायला लागलं.

काकूने पदर खोचला. मग म्हणाली, "सर, हा प्लॉट कोणाच्या नावावर हाय?"

"तुमच्याच आहे की."

"मंग माह्या प्लॉटवर कोणी राहायचं हे तुमी काहून सांगून राहिले? ते गेले म्हणून माह्यावर मास्तरकी करता का? या आता."

हे ऐकून काकूच्या मनात आमच्याबद्दल माया दाटून आली असं कोणी समजू नये. मायाबिया काही नव्हती. नवऱ्याच्या हयातीत हेडमास्तर कोण होणार, यावरून त्या दोन घरांत धुसफूस होती. तिला सरांचं ऐकायचं नव्हतं, आणि आम्ही त्या न ऐकण्याच्या मधे सापडलो होतो. माणसाचं भलं कशाकशामुळे होतं, ते बघायला गेलं तर किळस येते.

त्या आठवड्यात बाबा येऊन गेले. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बुधवारी मी जीप सांगून ठेवतो. सामान बांधून ठेव." मी सामान बांधलं नाही. बांधलं असतं तर गेलेच असते.

बुधवारी सकाळी काकूने सहाही स्टोव्ह पोत्यात भरून माळ्यावर टाकायला लावले. मागच्या पडवीत तिचं सैपाकघर होतं. गॅस होता, पण भाकरीसाठी मातीची चूल होती. तिने स्वतः वरण केलं, वांगी केली, पीठ मळलं. मग आम्हा सहाजणींना आपापली ताटं घेऊन बोलावलं. चौघी आत गेल्या. आम्ही दोघी उंबऱ्यापाशी थांबलो.

"या की," काकू खेकसली. "आमंत्रण देऊ का?"

आम्ही उंबरा ओलांडला. इतके दिवस ज्यासाठी आम्हाला लांब ठेवलं ते सैपाकघर बघून घेतलं. फळीवर स्टीलचे डबे, खिडकीत धुळीने काळी पडलेली जाळी आणि देवघरामागे झुरळं. आमच्या घरचं सैपाकघर याहून स्वच्छ होतं. हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही सांगते.

ओव्हरसियर आला, सर आले, म्हशीवाले साहेब आले आणि आणखी दोघे. बायकांच्या सैपाकघरात पाच पुरुष चपलांसकट उभे राहिले. ओव्हरसियरने चूल मोजली. एकच होती. तो निघायला वळला, पण सरांचं समाधान झालं नव्हतं.

"सगळ्या रोज इथेच जेवतात का, वहिनी?"

"व्हय."

"आणि सैपाक कोण करतं?"

"पाळी पाळीनं करतो."

"अस्सं. मग आज कोणाची पाळी?"

काकूने आमच्याकडे बघितलं. चौघींपैकी कोणाकडेही बोट दाखवता आलं असतं. पण सर हसत होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. त्या हसण्याने तिचं डोकं फिरलं असावं. "हिची," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मग होऊ द्या की एक भाकर," सर म्हणाले.

मी परातीपुढे बसले. हात धुतले की नाही ते आठवत नाही. पीठ हातात घेतलं तेव्हा तिथला एकूण एक माणूस माझ्या बोटांकडे बघत होता. जन्मात कोणी माझ्या हाताकडे एवढं लक्ष देऊन बघितलं नाही. भाकरी मला लहानपणापासून येतात, आईची भाकर कागदासारखी व्हायची. पण त्या दिवशी थापताना हात चालेना. कडा चिरल्या. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, जाळाला लावली. एका बाजूने फुगली, दुसऱ्या बाजूने नाही. काढून काकूच्या ताटात ठेवली.

"घ्या वहिनी," सर म्हणाले. "घरच्याच पोरीच्या हातची आहे."

काकूने भाकरीकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि तो चुलीचा नव्हता. मला वाटलं, आता ही ताट सारणार आणि मी जीपमधे बसणार. तिने भाकरीचा चतकोर मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. मग दुसरा घास घेतला, कारण एकावर सर थांबले नसते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जाड झाली भाकर. तुह्या मायनं हेच शिकवलं का?"

ओव्हरसियरने घड्याळ बघितलं. "चूल एक, कुटुंब एक. झालं सर. आता त्या किराणा दुकानाचं बी मोजू का, आलोच हाय तर?" सर चालायला लागले. त्यांच्या मागे बाकीचे. म्हशीवाले साहेब सगळ्यात घाईने गेले.

ते फाटकाबाहेर गेल्यावर काकूने आम्हाला अंगणात हाकललं. चूळ भरली, पुन्हा भरली. सैपाकघर घासून धुतलं, गोमूत्र शिंपडलं आणि नहाणीत जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून बघत होतो. लपवायची तिला गरजच वाटली नाही. मला तिचा इतका राग आला की खोली वाचल्याचं सुख त्यात बुडून गेलं. बाबांची जीप आली होती, ती रिकामीच परत गेली.

पण वसाहतीला गोमूत्राने फरक पडला नाही. म्हातारीने खाल्लं, ही बातमी दिवस मावळायच्या आत घरोघर पोचली. आठ-पंधरा दिवसांत चौघी पोरींचे बाप येऊन त्यांना घेऊन गेले. एकाने अभ्यासाचं कारण सांगितलं, एकाने पाण्याचं. कोणी विरजणाला दही मागायला येईना. सत्यनारायणाचा प्रसाद तिच्या दारावरून पुढे जायला लागला. उन्हाळ्यात तिच्या अंगणात शेजारच्या बायका जमून कुरडया घालायच्या, त्या साली अंगण रिकामं राहिलं. वसाहतीच्या बोर्डावर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी हे नियम सगळ्यांना पाठ होते.

ओव्हरसियर परत येईल या धाकाने तोवर आम्ही बाहेरून डबा लावला होता. माळ्यावरचे आमचे स्टोव्ह मागायला गेलो तेव्हा काकू कुरडयांचा चीक एकटीच ढवळत होती.

"कशाला पाह्यजे स्टोव्ह?" ती म्हणाली. "बाटायचं ते बाटलं. गावभर बोंब झाली. आता तुमचं येगळं ठेवून मला कोणी पालखीत बसवणार हाय का? इथंच करा. अन् हे ढवळ, माहे हात भरून आले."

तेव्हापासून चूल खरोखरच एक झाली. ती आम्हाला शिव्या द्यायची आणि आमच्या हातचं खायची. तुमच्यापायी माझं माणसांतलं उठणं-बसणं गेलं, हे रोज एकदा ऐकवायची. भाकर पातळ झाली तरी जाड म्हणायची. रिकाम्या खोल्यांत पुढे गोरेगावकडच्या, तांड्यांवरच्या, आमच्या समाजातल्या पोरी आल्या, त्यांनाही तिने 'तुमी कोण' विचारलंच. उत्तर काही आलं तरी खोली द्यायची, पण विचारायचं सोडलं नाही. मी तिला कधी देवी मानलं नाही, आजही मानत नाही. डी.एड. झालं, मला नोकरी लागली, पेढे घेऊन गेले तेव्हा तिने दोन खाल्ले आणि पेढे शिळे आहेत म्हणाली.

काही वर्षांनी ती गेली. मुलाने घर विकून टाकलं.

त्यानंतर माझ्या भाचीला हिंगोलीत प्रवेश मिळाला आणि मी पुन्हा खोल्या बघत फिरले. त्याच वसाहतीत गेले. निळा बोर्ड गंजून पडला होता. घराघरांवर मजले चढले होते आणि प्रत्येक फाटकाला पाटी, खोली भाड्याने देणे आहे. सर्वांत मोठी पाटी सरांच्या घरावर. माडीवरची शिकवणी बंद पडून तिथे ओळीने खोल्या झाल्या होत्या, 'फक्त मुलींसाठी'. सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. मला ओळखलं. मॅडम म्हणाले, बसा म्हणाले. शिक्षिका झालेल्या बाईला 'तुमी कोण' विचारायची पंचाईत, आणि त्यांना उत्तर माहीतच होतं.

"खोली आहे," ते म्हणाले. "फक्त एक नियम आहे. प्रत्येकीने आपला स्टोव्ह वेगळा ठेवायचा. एका चुलीवर आम्ही चालू देत नाही. उगाच वाद होतात."

"सर, एका प्लॉटवर एक चूल होती ना?"

"ते तेव्हाचं," ते म्हणाले, आणि त्यांना थोडीसुद्धा लाज वाटली नाही. मग माणूस जुन्या गोष्टी काढतो तसं म्हणाले, "वहिनी मात्र त्या दिवशी... हट्टी बाई. उगाच धर्म घालवून बसली."

माझ्या पिशवीत डबा होता. वाटेत खायला म्हणून सकाळी घाईत केलेला. मी तो काढला, उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. "सर, दुपार झालीय. एक भाकर घ्या. माझ्या हातची आहे."

सर डब्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत मागे सरकून म्हणाले, "नको नको, आज माझा उपास आहे."

आतून त्यांच्या सुनेने हाक मारली, "मामंजी, ताट वाढलंय, भजी गार होतील."

मी डबा बंद केला. भाचीला घेऊन फाटकाबाहेर आले. भाची म्हणाली, मावशी, खोली चांगली होती की. काकूच्या जुन्या घरासमोर कडुनिंब होता, तो अजून होता. त्याच्याखाली आम्ही बसलो आणि डबा उघडला. काकूने घामाघूम होत, शिव्या देत, नंतर चूळ भरायला का होईना, पण सगळ्यांच्या देखत माझ्या हातची खाल्ली होती. मी चतकोर मोडला. भाकर खरंच जाड झाली होती.